एक्झिक्युटर हिशेब देत नसेल, तर?

मृत्युपत्राची अंमलबजावणी ज्याच्यावर सोपवली तो एक्झिक्युटर कागद दाखवत नाही, वाटप करत नाही, पैशांबद्दल बोलत नाही, अशी पत्रे या वेळी बरीच आली. त्यांतली सात निवडली आहेत. नावे गाळली आहेत. गोव्याचे उत्तर सोडून बाकी सगळी उत्तरे भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 ला धरून आहेत आणि कलमांचे आकडे त्याच कायद्याचे आहेत.

प्रश्न : वडील 2021 मध्ये वारले. मृत्युपत्रात त्यांनी धाकट्या मामांना एक्झिक्युटर नेमले होते. चुलतभावाने हरकत घेतल्यामुळे प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला) घ्यावे लागले. ते सांगलीच्या कोर्टातून मामांना मिळून तीन वर्षे झाली. घर आईला, शेती दोघा भावांना आणि पेठेतले दोन गाळे आम्हा तिघा भावंडांत समान, असे मृत्युपत्र आहे. गाळ्यांचे भाडे दरमहा 14 हजार आणि 9 हजार. ते मामा घेतात. आम्हाला अजून एक रुपया दिलेला नाही. विचारले की "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणतात आणि आईशी बोलणे टाकतात. त्यांना काढून माझ्या थोरल्या भावाला नेमता येईल का? त्यासाठी मुंबईला जावे लागेल का? पोलिसांत तक्रार करावी का? (सांगली)

उत्तर : काढता येते. मात्र सुरुवात हिशेबाच्या मागणीपासून करा. काढण्याचा अर्ज टिकणार की नाही, हे त्या मागणीला काय उत्तर मिळाले किंवा मिळाले नाही यावरच ठरते.

प्रोबेट घेतलेल्या एक्झिक्युटरला कलम 317 दोन मुदती घालून देते. प्रोबेटपासून सहा महिन्यांत मालमत्तेची पूर्ण आणि खरी यादी न्यायालयात दाखल करायची. काय ताब्यात आले, कोणाकडून किती येणे आहे, कोणाचे किती देणे आहे, हे सगळे तिच्यात हवे. आणि एका वर्षात हिशेब द्यायचा: किती आले आणि त्याचे काय केले. न्यायालय मुदत वाढवून देऊ शकते, पण ती मागावी लागते. तुमच्या मामांच्या दोन्ही मुदती केव्हाच उलटल्या आहेत. असे सर्रास घडते, कारण यादी आली नाही म्हणून न्यायालय सहसा आपणहून विचारत नाही आणि अशी काही मुदत असते हेच घरच्यांना ठाऊक नसते.

तेव्हा आधी सांगलीच्या न्यायालयात नकलेसाठी अर्ज करा. प्रोबेटचा मूळ अर्ज, त्याला जोडलेले मालमत्तेचे परिशिष्ट, प्रोबेटचा आदेश, आणि यादी व हिशेब दाखल झाले असतील तर तेही, या सगळ्यांच्या प्रमाणित नकला घ्या. दाखल झालेच नसतील तर तसा लेखी शेरा मागून घ्या. पुढच्या प्रत्येक अर्जात तो लागणार आहे. परिशिष्ट तर फारच उपयोगी. मामांनी ते शपथेवर दिलेले आहे, त्यामुळे "अमुक ठेव नव्हतीच" असे आता म्हणणे त्यांना जड जाते.

दरम्यान तुमच्या बाजूने जे कागद मिळवता येतील ते मिळवा. शेतीचा सातबारा आणि आठ-अ, घर व गाळ्यांचे प्रॉपर्टी कार्ड, महापालिकेकडची घरपट्टीची थकबाकी. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाळ्यांच्या नावाने सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या व्यवहारांचा उतारा) शोधा. विक्री, गहाण किंवा नोंदलेला भाडेकरार झाला असेल तर तिथे दिसेल. भाडेकरू भाडे रोख देतात की खात्यात, कोणाच्या खात्यात, पावती कोणाच्या सहीची, हे विचारून घ्या. एक गोष्ट मात्र करू नका: "यापुढे भाडे आम्हाला द्या" असे भाडेकरूंना सांगू नका. वाटप होईपर्यंत मिळकत कलम 211 प्रमाणे एक्झिक्युटरच्या हाती असते. तुम्ही परस्पर भाडे घेतलेत तर भाडेकरू गोंधळतो, भाडे थांबवतो, आणि "वारसच मला काम करू देत नाहीत" हे वाक्य मामांच्या वकिलाला आयते मिळते.

यानंतर नोटीस. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. तिच्यात राग नको, आकडे हवेत. वडिलांच्या मृत्यूच्या दिवशी प्रत्येक खात्यात किती शिल्लक होती, कोणत्या मुदत ठेवी होत्या आणि त्या मोडून पैसे कुठे ठेवले, गाळ्यांचे भाडे महिनावार किती आले, घरपट्टी, दुरुस्ती, वकील आणि कोर्ट फी यांवर किती गेले, वडिलांचे कोणते देणे फेडले, इस्टेटचे वेगळे बँक खाते आहे का, इस्टेटचे प्राप्तिकर विवरणपत्र दरवर्षी भरले का, आणि वाटप कधी करणार? वाटप पूर्ण होईपर्यंत इस्टेटच्या उत्पन्नाचे स्वतंत्र विवरणपत्र एक्झिक्युटरने भरायचे असते. हा मुद्दा बहुतेक नोटिशींत राहून जातो. भाड्याचा हिशेब तुम्हीच मांडून द्या: 23 हजार गुणिले 36 महिने, म्हणजे 8 लाख 28 हजार. उत्तराला तीस दिवस द्या. तेवढा अवधी दिलेला पाहिला की न्यायालयालाही तुमची मागणी रास्त वाटते.

उत्तर आले नाही किंवा मोघम आले, तर त्याच न्यायालयात यादी आणि हिशेब दाखल करायला लावण्याचा अर्ज करा. याचा खर्च काढण्याच्या अर्जापेक्षा कितीतरी कमी, आणि बरीच प्रकरणे इथेच सुटतात. न्यायालयाने फर्मावल्यानंतरही यादी वा हिशेब दिला नाही, किंवा जाणूनबुजून खोटा दिला, तर तो फौजदारी गुन्हा होतो, असे कलम 317 मध्येच आहे. वकिलाने हे समजावून सांगितले की "विश्वास नाही का" म्हणणारे बरेच नातेवाईक वह्या काढतात.

तेवढ्यानेही भागले नाही, तर पुढे दोन रस्ते फुटतात आणि इथेच लोक चुकतात.

पहिला कलम 263 चा, म्हणजे दिलेले प्रोबेट रद्द करून घेण्याचा. वाजवी कारण नसताना, मुद्दाम यादी किंवा हिशेब न देणे, किंवा महत्त्वाच्या बाबतीत खोटा देणे, हे रद्द करण्याचे कारण म्हणून कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. हा अर्ज प्रोबेट देणाऱ्या न्यायालयात, म्हणजे सांगलीतच चालतो. अडचण अशी की प्रोबेट रद्द झाले की इस्टेट पोरकी होते. मग तुमच्यापैकी कोणाला तरी मृत्युपत्र जोडून लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (एक्झिक्युटर नसताना मिळकत सांभाळून वाटण्यासाठी न्यायालय देते ती अधिकारपत्रे) मिळवावी लागतात, त्यासाठी पुन्हा नोटिसा, पुन्हा हरकती, शिवाय कलम 291 प्रमाणे जामीनदारांसह बंधपत्र. तुमच्या त्या चुलतभावाला दुसरी संधी मिळेल ती वेगळीच.

दुसरा रस्ता कलम 301 चा. खासगी एक्झिक्युटरला निलंबित करणे, काढणे किंवा कामातून मोकळे करणे, त्याच्या जागी दुसऱ्याला नेमणे आणि मिळकत त्या नव्या माणसाकडे सोपवणे, हे सगळे एकाच आदेशात होऊ शकते. मात्र हा अधिकार फक्त उच्च न्यायालयाचा आहे. तालुका किंवा जिल्हा न्यायालयात 301 चा अर्ज केला तर दोन-तीन तारखांनंतर अधिकारक्षेत्र नाही म्हणून परत येतो. तुम्हाला मात्र मुंबई गाठायची गरज नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरात बसते आणि सांगली जिल्हा त्याच्याकडे आहे.

तुमच्या घरात मृत्युपत्राबद्दल वाद नाही, वाद आहे तो माणसाच्या वागण्याबद्दल. म्हणून आमच्या मते तुमचा रस्ता 301 चा.

आता न्यायालय काय पाहील? मृताने स्वतः निवडलेला माणूस सहजासहजी बाजूला केला जात नाही. प्रिव्ही कौन्सिलने 1884 मध्ये लेटरस्टेड्ट विरुद्ध ब्रोअर्स या खटल्यात सांगितलेली कसोटी अजूनही धरली जाते: लाभार्थींचे हित कशात आहे? निव्वळ बेबनाव, फोन न उचलणे, आईशी तुसडेपणाने बोलणे एवढ्यावर कोणी काढले जात नाही. इस्टेटचा पैसा स्वतःच्या खात्यात मिसळणे, वर्षानुवर्षे हिशेब न देणे, घरपट्टी थकवून मिळकतीवर जप्ती ओढवणे, पडत्या भावाने विकणे, इस्टेटच्याच मिळकतीवर स्वतःचा हक्क सांगणे, दिवाळखोरी, काम करता येणार नाही असे आजारपण, ही कारणे वजनदार. अर्जाच्या पहिल्या दोन पानांत यांतली जी लागू असतील ती तारखांनिशी मांडा. 1998 सालच्या लग्नातल्या मानापमानाला त्या अर्जात जागा देऊ नका.

अर्जाबरोबर अंतरिम मागण्याही लावा: निकालापर्यंत गाळे विकण्यास वा गहाण ठेवण्यास मनाई, भाडे न्यायालयात जमा करणे, आणि गरज असेल तर रिसीव्हर, म्हणजे मिळकत सांभाळायला न्यायालयाने नेमलेला माणूस. प्रकरण दोन वर्षे चालले तरी तेवढे भाडे तरी सुरक्षित राहते.

"याला काढून कोणाला नेमू?" हा न्यायाधीशांचा पहिलाच प्रश्न असतो. थोरला भाऊ लाभार्थी असला म्हणून अपात्र ठरत नाही. पण आई आणि तिन्ही भावंडांची संमतीची शपथपत्रे आणि भावाचे स्वतःचे "जबाबदारी घेतो, नियमाने हिशेब देईन" असे शपथपत्र आधीच जोडा. भावंडांतच धुसफूस असेल तर भावाचा हट्ट सोडा आणि सर्वांना चालणारा चार्टर्ड अकाउंटंट किंवा वकील सुचवा. आणि ज्यांचा मृत्युपत्रात हक्क आहे अशा प्रत्येकाला पक्षकार करा. एक जरी सुटला तरी नंतर सगळे मागे येते.

काढल्यावर मामांची जबाबदारी संपत नाही. इस्टेटचा पैसा गैरवापरला तर कलम 368 आणि हलगर्जीपणाने बुडू दिला तर कलम 369 प्रमाणे तो भरून द्यावा लागतो. वडिलांचे येणे वसूल न करता मुदतबाह्य होऊ दिले, हे कायद्याने स्वतःच दिलेले उदाहरण आहे. मृत्युपत्रातला हिस्सा एक्झिक्युटरकडून मागायला तो देय झाल्यापासून 12 वर्षांची मुदत असते, पण इतर अर्जांच्या मुदती खूपच लहान असतात. तेव्हा 12 हा आकडा ऐकून थांबू नका.

पोलिसांत तक्रार करावी का, असेही तुम्ही विचारले आहे. फौजदारी विश्वासघात होऊ शकतो. पण हिशेबच समोर नसताना अपहार किती हे सांगता येत नाही आणि "हा दिवाणी वाद आहे" म्हणून तुम्हाला परत पाठवले जाते. आधी हिशेब.

प्रश्न : काकांनी नाशिकजवळची द्राक्षबाग आणि घर आम्हा दोन पुतण्यांना दिले, उरलेले सगळे माझ्या नावे. एक्झिक्युटर काकांचे मित्र आहेत. मूळ मृत्युपत्र त्यांच्या कपाटात आहे. ते प्रोबेटही घेत नाहीत, मृत्युपत्रही देत नाहीत, नाही म्हणूनही लिहून देत नाहीत. (नाशिक)

उत्तर : हे गृहस्थ अजून प्रोबेट घेतलेले एक्झिक्युटर नाहीत, म्हणून वरचा मार्ग तुम्हाला जसाच्या तसा लागू होत नाही. तुमचा मार्ग जास्त सोपा आहे.

आधी मृत्युपत्र. ते नोंदवलेले असेल तर काकांचा मृत्यूचा दाखला घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात जा. मृत्युपत्र करणाऱ्याच्या निधनानंतर त्याची प्रमाणित नक्कल कोणीही मागू शकतो. नोंदवलेले नसेल तर कलम 267 उपयोगी पडते. मृत्युपत्रासारखा कागद ज्याच्याकडे आहे असे दाखवता येते, त्याला तो न्यायालयात आणून देण्याचा हुकूम करता येतो. कागद त्याच्याकडे आहे हे दाखवता येत नसले, पण त्याला माहिती आहे असे मानायला जागा असली, तरी बोलावून शपथेवर विचारता येते. काकांच्या तेराव्याला त्यांनी मृत्युपत्र वाचून दाखवले असेल तर त्या वेळी हजर असलेल्या दोघा-तिघांची शपथपत्रे घेऊन ठेवा. फोनवर फोटो पाठवला असेल तर तो मूळ संदेशासकट जपा.

मग सिटेशन. एक्झिक्युटरने नकार दिलेला नसेल तर त्याला "स्वीकारा किंवा नाकारा" अशी न्यायालयाची नोटीस गेल्याशिवाय दुसऱ्या कोणाला लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन देता येत नाहीत, असे कलम 229 सांगते. लोक ही पायरी गाळून थेट अर्ज करतात आणि अर्ज तिथेच अडतो. नोटिशीच्या मुदतीत ते आले नाहीत किंवा नाकारले, तर मृत्युपत्र जोडून तुम्हाला अर्ज करता येतो. "उरलेले सगळे" तुम्हाला दिलेले आहे, म्हणजे तुम्ही अवशिष्ट लाभार्थी आहात, आणि कलम 232 त्यांना हा हक्क देते. एकदा नाकारले की त्यांना पुन्हा प्रोबेट मागता येत नाही, म्हणून तोंडी नकारावर थांबू नका. सही असलेले पत्र तरी घ्या, किंवा न्यायाधीशांपुढे नकार नोंदवून घ्या.

तलाठ्याकडे मृत्युपत्राच्या आधारे फेरफाराचा अर्ज करता येतो आणि नाशिकसारख्या ठिकाणी त्यासाठी प्रोबेट सक्तीचे कधीच नव्हते. मुंबईतल्या मिळकतींसाठी कलम 213 मुळे ते सक्तीचे होते. डिसेंबर 2025 मधल्या दुरुस्तीने ते कलमही वगळले गेले. पण एक्झिक्युटर नेमलेला असेल तर लाभार्थीचा हक्क पुरा व्हायला कलम 332 प्रमाणे त्याची संमती लागते. फेरफारावर हरकत आली की हाच मुद्दा पुढे येतो. ही संमती तोंडी असू शकते किंवा वागण्यावरून निघू शकते. बागेचा ताबा त्यांनी स्वतः तुम्हाला दिला असेल, तर ते कधी, कोणासमोर, हे आजच लिहून ठेवा.

प्रश्न : आमच्या दादालाच आईने एक्झिक्युटर केले. ठाण्यातला फ्लॅट विकून पैसे चौघांत वाटायचे होते. दादाने तो वहिनीच्या नावे स्वतःच घेतला, तोही बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी किमतीत. आता म्हणतो, मला विकायचा अधिकार होता. (ठाणे)

उत्तर : विकायचा अधिकार होता, स्वतः घ्यायचा नव्हता. कलम 310 प्रमाणे एक्झिक्युटरने प्रत्यक्ष किंवा आडून मृताच्या मिळकतीतले काही विकत घेतले, तर हितसंबंध असलेल्या दुसऱ्या कोणाच्याही मागणीवरून ती विक्री रद्द करता येते. वहिनींचे नाव म्हणजे "आडून". सूची क्रमांक दोनची प्रत काढा, त्या वर्षीच्या रेडी रेकनरचा दर पाहा, त्याच इमारतीतले त्याच काळातले एक-दोन व्यवहार शोधा आणि सोसायटीने शेअर सर्टिफिकेट बदलून दिले का ते पाहा. नसेल दिले तर सोसायटीला लगेच लेखी हरकत द्या. विक्री रद्द करण्याच्या दाव्याची मुदत तुम्हाला ती कळल्यापासून मोजली जाते आणि ती तीनच वर्षांची असते. कुठल्या तारखेला, कोणाकडून कळले, हे आत्ता लिहून ठेवा.

याच वागणुकीवर दादाला काढण्याचा अर्जही होऊ शकतो. मात्र फ्लॅट ही एकच मिळकत उरली असेल तर त्यात शक्ती घालवू नका. फ्लॅट परत इस्टेटमध्ये आणण्याचा दावा आणि त्याच दाव्यात वहिनींना फ्लॅट पुढे विकायला मनाई, एवढे पुरे.

प्रश्न : मीच एक्झिक्युटर आहे. वय 76. मित्राच्या मृत्युपत्राचे प्रोबेट घेतले, निम्मे वाटपही केले. आता डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे आणि वारसांची भांडणे सहन होत नाहीत. राजीनामा कोणाला द्यायचा? (पुणे)

उत्तर : काम हाती घेतल्यावर नुसत्या पत्राने मोकळे होता येत नाही. नाकारायची संधी सुरुवातीलाच असते. आता कलम 301 खाली उच्च न्यायालयाकडे स्वतःहून मुक्ततेचा अर्ज करावा लागेल. सर्व लाभार्थींची संमती आणि पुढच्या माणसाचे नाव बरोबर असेल तर तो फारसा अडत नाही. शासनाच्या महाप्रशासकांच्या संमतीने काम त्यांच्याकडे सोपवण्याचीही सोय कायद्यात आहे.

त्याआधी आजपर्यंतचा हिशेब पूर्ण करा आणि उरलेल्या प्रत्येक वस्तूची यादी करा: लॉकरची किल्ली, शेअर सर्टिफिकेटे, भाडेकरार, चालू दावे आणि त्यांच्या पुढच्या तारखा. चावी किंवा चेकबुक वारसांपैकी एकाकडे "तात्पुरते" देऊ नका. त्याने काही केले तरी उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल. तुमच्या पदरचा वाजवी खर्च इस्टेटमधून घ्या, संकोच नको. तो तुमचा हक्क आहे.

आणि यानिमित्ताने सांगायला हवे: प्रोबेट घेतलेला एकमेव एक्झिक्युटर काम अर्धवट टाकून वारला, तर ते काम त्याच्या मुलाकडे जात नाही. उरलेल्या मिळकतीपुरता नवा व्यवस्थापक न्यायालयाकडून नेमून घ्यावा लागतो. त्याची सोय कलम 258 मध्ये आहे.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. बाबांच्या मृत्युपत्राचा एक्झिक्युटर आतेभाऊ आहे आणि बाबांच्या शेअरवर नॉमिनीही तोच. मृत्युपत्रात शेअर मला दिले आहेत. तो म्हणतो, नॉमिनी मी, म्हणून शेअर माझे. दर वेळी भारतात यावे लागेल का? (अमेरिका)

उत्तर : नॉमिनी मालक होत नाही. विम्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने हे 1983 मध्येच सांगितले होते, शेअरबद्दल डिसेंबर 2023 मध्ये निःसंदिग्ध सांगितले. तो शेअर सांभाळणारा आहे, एवढेच. आणि एक्झिक्युटर असून इस्टेटच्या वस्तूवर तो स्वतःचा हक्क सांगतो आहे. तेव्हा वरच्या पहिल्या उत्तरातले "इस्टेटच्याच मिळकतीवर स्वतःचा हक्क सांगणे" हे कारण तुमच्याकडे तयार आहे. त्याचा हा दावा ईमेलवर लिहून घेण्याचा प्रयत्न करा.

अर्ज आणि तारखांसाठी विश्वासातल्या माणसाला कुलमुखत्यारपत्र द्या. ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करा, किंवा तिथल्या नोटरीकडून करून अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून तिथले सरकार देते तो शिक्का) घ्या. कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे लागते. ही मुदत हमखास चुकते, कारण कागद वकिलाच्या फाइलमध्ये पडून असतो. आणि मुखत्यार तुमच्या वतीने कागदांवर सही करेल, पण जे फक्त तुम्हाला ठाऊक आहे त्याची साक्ष तो देऊ शकत नाही. बाबांशी झालेले बोलणे, आतेभावाचा फोन, याबद्दल तुम्हालाच बोलावे लागेल. ती साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घ्यावी अशी विनंती करता येते.

प्रश्न : हे सगळे गोव्याला लागू आहे का? आमचे घर मडगावला आहे. (मडगाव)

उत्तर : नाही. गोव्याचा स्वतःचा 2012 चा उत्तराधिकार आणि इन्व्हेंटरी कायदा आहे. तिथे वाटप दिवाणी न्यायालयातल्या इन्व्हेंटरीतून होते. मिळकतीची यादी शपथेवर द्यायची असते आणि काही लपवले गेले तर वारसाने तिथेच हरकत घ्यायची. मुलांचा निम्मा हिस्सा मृत्युपत्राने काढून घेता येत नाही, हेही तुमच्या कागदात आधी तपासा. स्थानिक वकिलालाच भेटा. महाराष्ट्रातला नमुना नेऊन दाखल करू नका.

प्रश्न : हे वाचून धडकी भरते. मी 68 वर्षांचा आहे, मृत्युपत्र करतो आहे. काय लिहिले तर मुलांवर ही वेळ येणार नाही? (वर्धा)

उत्तर : एकाऐवजी दोन नावे लिहा, एकामागून एक. "अमुक व्यक्तीने माझ्या मृत्यूनंतर सहा महिन्यांत काम स्वीकारले नाही, किंवा तिला ते करता आले नाही, तर तमुक" असे. निवडलेला माणूस तुमच्यापेक्षा वयाने बराच लहान असावा आणि त्याला आधी विचारलेले असावे. तुमचा भाडेकरू, तुमचा कर्जदार किंवा ज्याचा तुमच्या मिळकतीवर दावा आहे असा नातेवाईक नको, माणूस कितीही भला असला तरी. त्याला मोबदला द्यायचा असेल तर रक्कम लिहा. फुकटच्या कामात दिरंगाई होते आणि तिच्याबद्दल बोलताही येत नाही. इस्टेटचे स्वतंत्र बँक खाते उघडावे आणि दर सहा महिन्यांनी सर्व लाभार्थींना लेखी हिशेब द्यावा, ही दोन वाक्ये मृत्युपत्रातच घाला. न्यायालयात ती नुसत्या कायद्याच्या कलमापेक्षा लवकर कामी येतात, कारण ती तुमची स्वतःची इच्छा असते.

मृत्युपत्र नोंदवा. मूळ प्रत कुठे आहे हे किमान दोन मुलांना सांगा. खाती, ठेवी, पॉलिसी, लॉकर यांची यादी वेगळ्या कागदावर ठेवून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ताजी करा. यादी मृत्युपत्रातच घातली तर प्रत्येक नव्या ठेवीसाठी मृत्युपत्र बदलावे लागेल.

शेवटी "वर न लिहिलेले बाकी सर्व अमुक व्यक्तीस" हे कलम विसरू नका. घरगुती मृत्युपत्रांत ते फार वेळा नसते. एक्झिक्युटर निष्क्रिय राहिला तर मृत्युपत्र घेऊन न्यायालयात जाण्याचा पहिला हक्क याच माणसाला मिळतो, म्हणून तिथे तुमच्या मुलांपैकी जो सर्वांत व्यवहारी आणि सर्वांना धरून चालणारा असेल त्याचे किंवा तिचे नाव घाला.